आसवाईचे तेवीस दगड

"आई रडणार! लेकरांनो, पापणी लववू नका, आई आता रडणार!"

नेत्रानंद महाराजांनी दोन्ही हात वर केले, तशी बोगद्यापुढच्या खिंडीत दाटीवाटीनं उभी असलेली माणसं एकदम गप्प झाली. माघ महिना होता. डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं, ओढा आटला होता, गावच्या आडाचं पाणी तळाला गेलं होतं. आरतीचं शेवटचं कडवं संपलं, तेरखेड्याहून आणलेला एक दणकट फटाका खिंडीत फुटला, आणि महाराजांच्या पाठीमागच्या काळ्या दगडी भिंतीतल्या दोन भोकांतून पाणी ओघळायला लागलं. आधी नुसती ओल, मग करंगळीएवढी धार. एक डावीकडं, एक उजवीकडं.

"आसवाई माते की जय!"

बाया रडायला लागल्या. बापये बाटल्या, तांबे, टिफिनचे डबे घेऊन पुढं घुसले. महाराज ध्वनिवर्धकावर ओरडत होते. "विज्ञान म्हणतं, हा दगड आहे. अरे, विज्ञानाला डोळे आहेत का? न्हाईत! ज्याला डोळे न्हाईत त्याला आईचे डोळे दिसणार कसे? अमेरिकेच्या साहेबानं आईचा फोटो काढला, तर यंत्रच रडायला लागलं! हे पाणी डोळ्याला लावा. चष्मा फेका, थेंब फेका, सुई फेका. आईनं दिलेली नजर, आईच राखणार!"

ज्याला आई म्हणत होते तो आमच्या पांढरखोरीचा जुना रेल्वे बोगदा. वाशी तालुक्यातलं आमचं गाव बालाघाटाच्या कुशीत आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इथून छोट्या रुळांची गाडी नेण्यासाठी गोऱ्या साहेबांनी डोंगर फोडला. गाडी बंद पडून कैक वर्षं झाली, रूळ उपटून नेले, मागं राहिलं ते बोगद्याचं तोंड. घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान, तिच्या माथ्यावर पुढं आलेला पाचरीसारखा दगड, त्याच्यावर १८९९ हा आकडा, आणि कमानीच्या दोन खांद्यांवर, भिंतीत, ती दोन भोकं. दुरून बघितलं तर खरंच चेहरा वाटायचा. भोकं म्हणजे डोळे, मधला दगड म्हणजे नाक, आणि बोगदा म्हणजे उघडं तोंड. उन्हाळ्यात त्या तोंडातून गार वारा यायचा. महाराज त्याला आईचा श्वास म्हणायचे.

मी गर्दीच्या कडेला छत्री धरून उभा होतो. तिसऱ्या रांगेत माझी बायको हरणाबाई बाटली छातीशी धरून उभी होती. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं नाही.

मी सोमलिंग. वाशीच्या हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. पोरांना फुलदाणी आणि सफरचंद काढायला लावून माझा स्वतःचा हात कंटाळला, तेव्हा मी या बोगद्याकडं वळलो. सुट्टीच्या दिवशी फीतपट्टी, लांब काठी आणि वही घेऊन जायचो. दर्शनी भिंतीचा एकेक थर मोजला. घडीव दगडांवरच्या छिन्नीच्या खुणा उतरवल्या. दोन्ही बाजूंना डोंगराची माती थोपवून धरणाऱ्या तिरक्या भिंती, माथ्यावरचा कठडा, कठड्याखालून आडवी गेलेली दगडी पट्टी, सगळं कागदावर आणलं. फीतपट्टीचं दुसरं टोक धरायला कायम एकच माणूस असायचा. हिंमतराव.

हिंमतराव आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तो पुढं दोनदा सरपंच झाला, मी मास्तर. बोगद्याच्या माथ्यावरचं रान त्याचंच. माझ्या लग्नात तो माझा करवला होता आणि हरणाबाईला सख्ख्या दिरासारखा. पडझडीला आलेली ही कमान शासनानं जपावी म्हणून मी तीन अर्ज केले होते. एकाचंही उत्तर आलं नाही. गेल्या दसऱ्याला हिंमतराव घरी आला आणि म्हणाला, "सोम्या, तुझी वही दे. माझी वळख हाय एका सायबाशी. तुझी चित्रं बघून त्यो न्हाय म्हणणार न्हाय."

मी वही दिली. बारा वर्षांचं काम मी कापडात बांधून दिलं. त्याच हप्त्यात त्यानं जेसीबी लावून बोगद्यापुढचा सगळा गाळ काढला. साहेब बघायला येणार म्हणून. मला भरून आलं होतं.

साहेब आला नाही. पौषात नेत्रानंद महाराज आले.

*

पहिल्याच दिवशी मला कळलं होतं की आईच्या डोळ्यांत काही नाही. ती भोकं बांधणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली आहेत. डोंगराच्या उतारावरून येणारं पावसाचं पाणी भिंतीमागं साठलं, तर त्या रेट्यानं भिंत पुढं कलंडेल. म्हणून कठड्याच्या मागं दगडात एक आडवी चर खोदलेली आहे. चरीतलं पाणी भिंतीच्या पोटातल्या दोन उभ्या नाळांतून खाली येतं आणि त्या भोकांतून बाहेर पडतं. पावसाळ्यात ती भोकं दर वर्षी वाहतात. दिवाळीनंतर कोरडी पडतात. माघात ती वाहत असतील, तर कुणीतरी वरून पाणी सोडतंय, एवढा सरळ हिशेब होता.

मी हे चार लोकांत बोललो. चौकात बलभीम टपरीवाला म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकलेली माणसं. पर माझ्या आईला काल सुईत दोरा ओवता आला, त्याचं काय?"

"तुझी आई उन्हात बसून ओवत होती का?"

"व्हय."

"आधी घरात बसून ओवायची?"

बलभीमनं त्या दिवशी मला चहा दिलाच नाही.

गावात माझ्याशी बोलणारा एकच माणूस उरला, तो हिंमतराव. तो आरतीला कधी दिसायचा नाही. मला त्याचा आधार वाटायचा. हजार माणसं एका बाजूला गेली तरी एकजण माझ्या बाजूचा आहे, असं मी मनाला सांगायचो. फाल्गुनात त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला माझा बेत सांगितला.

"वरच्या चरीत हळद टाकतो. पाणी वरून सोडत असतील, तर आई पिवळी रडंल. मग बोलतील का?"

हिंमतराव हसला. "भारी डोकं हाय तुझं. कवा टाकणार?"

"उद्या सकाळी. पण वर तू नवं शेड मारलंस ना, ते बरोबर चरीवरच आलंय. कुलूप असतं."

"कडबा ठेवलाय रे. कुत्रं सोडलेलं असतं, तू आत जाऊ नगंस. शेडाच्या बाहेर चरीवर फरशी हाय, तिच्या फटीतून टाक."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वर चढलो. चर जिथं शेडाखाली शिरत होती, तिथं नवी फरशी बसवलेली होती. तिच्या फटीतून शेरभर हळद आत सोडली, ती उतारानं नाळेत उतरेल अशी वरून काठीनं सारली, आणि खाली येऊन गर्दीत उभा राहिलो. आज उलगडा होणार होता.

आरती सुरू व्हायच्या आधीच महाराजांनी डोळे मिटले. "काल आई माझ्या सपनात आली. म्हणाली, बाळा, उद्या मी भंडारा उधळणार. माझी आसवं पिवळी होणार. जी लेकरं शंका घेतात, त्यांना मी दाखला देणार!"

फटाका फुटला. पिवळ्याजर्द धारा ओघळल्या. खिंडीत असा काही गलका उठला की माझ्या कानात दडे बसले. लोक ते पाणी कपाळाला, गळ्याला, पोरांच्या अंगाला लावत होते. त्या दिवसापासून गर्दी दुप्पट झाली आणि वाशीहून खास एसटी सुरू झाली. माझ्या हळदीनं आईची कीर्ती नळदुर्गापर्यंत पोचवली.

मी घरी येऊन पडून राहिलो. महाराजांना आधीच कसं कळलं? माझा बेत मी फक्त एका माणसाला सांगितला होता. पण हा विचार मनात आला की मीच त्याला हुसकून लावायचो. चरीजवळ मला कुणीतरी बघितलं असणार. माझ्या हाताला हळदीचा वास येत असणार. साठ वर्षांच्या दोस्तीवर संशय घेण्यापेक्षा माणूस स्वतःच्या हाताच्या वासावर संशय घेतो.

*

हरणाबाईला काचबिंदू आहे. बारा वर्षांपूर्वी कळलं तेव्हा उजव्या डोळ्याची कडेची नजर गेलेलीच होती. डॉक्टरांनी रोज रात्री झोपताना थेंब घालायला सांगितले. थेंब घालायचं काम माझं. ती पलंगाच्या कडेला मान मागं टाकून बसायची, मी एका बोटानं पापणी ओढून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडायचो. बारा वर्षांत एक रात्र चुकली नाही. त्या माघ-फाल्गुनात आम्ही आसवाईवरून रोज भांडायचो, पण थेंब घालताना दोघंही गप्प असायचो.

वैशाखात एक दिवस भाकरी थापताना तिनं तवा सोडून चुलीवरच भाकरी टाकली. मी विचारलं, तर म्हणाली, "धुरानं दिसलं न्हाय." दुसऱ्या दिवशी तिच्या उजव्या बाजूनं मी तांब्या पुढं केला, तर तिला तो दिसलाच नाही.

मी तिला धाराशिवला घेऊन गेलो. डॉक्टर निकिता वयानं माझ्या शेवटच्या तुकडीतल्या पोरींएवढी. तिनं दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला, पुन्हा मोजला, मग मला म्हणाली, "काका, थेंब कधीपासून बंद आहेत?"

"बंद? बाई, मी स्वतः घालतो. रोज. माझ्या हातानं."

"असा दाब थेंब चालू असताना सहसा होत नाही. बाटली आणलीय?"

बाटली माझ्या पिशवीतच होती. तिनं बाटली उजेडात धरली, टोपण काढलं, वास घेतला, कापसावर दोन थेंब पाडले. कापूस मातकट झाला.

मी हरणाबाईकडं बघितलं. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

"हरणे?"

"म्या वतून दिले," ती म्हणाली. "दर महिन्याला तुमी नवी बाटली आणली की तुळशीत वतायची आन् आईचं पाणी भरायची."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

मी म्हणालो, "म्हणजे चार महिने मी माझ्या हातानं तुझ्या डोळ्यात ते भिंतीतलं पाणी घातलं?"

"बारा वरसं थेंब घातले, नजर वाढली का?" ती एकदम रडायला लागली. "दिसंदिस कमीच हुत गेली. मला वाटलं, आईनं तरी..."

डॉक्टर निकिता खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "आजी, थेंब नजर वाढवत नाहीत. उरलेली नजर राखतात. बारा वर्षं त्यांनी राखली, म्हणून तुम्हाला ते काही करतात असं वाटलंच नाही. उजवा डोळा आता गेलाय. तो परत येणार नाही. डावा आपण वाचवू."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. येडशीचा फाटा गेल्यावर मी विचारलं, "बाटलीत पाणी भरायचं तुला कुणी सुचवलं? हे महाराजाचं डोकं नाही. आपल्या घरात बाटली असते, मी थेंब घालतो, हे त्याला काय माहीत?"

"हिंमतभावजी म्हणाले," ती बोलली. "म्हणाले, वयनी, सोम्याला सांगू नगा, त्यो हट्टी हाय. त्याच्याच हातानं आईचं पाणी डोळ्यात पडू द्या. डोळे बरे झाले की त्योबी पाया पडंल."

मला वाटलं, हिंमतरावही त्यांच्या नादाला लागला. चुकला, फसला, माझ्यासमोर लाजला म्हणून लपवलं. खरं सांगतो, त्या एसटीत बसून मी अजूनही त्याच्यासाठी कारणं शोधत होतो.

*

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. खिंड फुलून गेली होती. मी या वेळी कडेला उभा राहिलो नाही, थेट पुढं जाऊन बसलो. हरणाबाई माझ्या शेजारी बसली, डाव्या डोळ्यावर उन्हाची पट्टी येऊ नये म्हणून हात आडवा धरून.

महाराजांचं त्या दिवशी भलतंच रंगलं. "मी हिमालयात बारा वर्षं डोळे मिटून बसलो. तिथं आईनं मला तिचं रूप दाखवलं. म्हणाली, माझ्या गळ्यात तेवीस पाषाणांची माळ आहे. मधल्या पाषाणावर माझा जन्मशक कोरलाय. उजव्या कानशिलावर, सातव्या थरात, मासोळीची खूण आहे. लेकरांनो, ही खूण जमिनीवरनं दिसत न्हाई. पायी चालत इथं आलो, शिडी लावून बघितलं, तर मासोळी! सांगा, हे मला कुणी सांगितलं?"

"आईनं!" खिंड गर्जली.

ती खूण मी ओळखली.

सातव्या थरातली मासोळी ही एका पाथरवटाची खूण. आपण घडवलेला दगड ओळखू यावा म्हणून कुणा कारागिरानं छिन्नीनं काढलेली, बोटभर लांब. ती मी शिडीवर चढून शोधली होती आणि वहीत उतरवली होती. आणि तेवीस? तेवीस हा आकडाही माझ्याच वहीतला. पण तो चुकीचा होता. मी कमान काढली तेव्हा दोन्ही बाजूंचा शेवटचा दगड गाळात गाडलेला होता. हे मला गाळ उपसल्यावर कळलं, तोवर वही हातातून गेली होती.

मी उठलो. "महाराज, एक विनंती आहे. आईची माळ सगळ्यांसमोर मोजू या."

"बसा, गुरुजी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"का बसू? आई खोटं बोलणार आहे का? मी नाही मोजत. तुमच्यातल्या कुणीही मोजा."

महाराज हसले. ते बेफिकीर होते. "मोजा, मोजा. शंकेखोरांची तोंडं बंद होऊ द्या."

गर्दीतून गंगम्मा पुढं आली. पंचाहत्तरीची वडार बाई, जन्मभर खडी फोडलेली, हातात काठी. तिच्या आज्यानं हा डोंगर फोडला, असं ती नेहमी सांगायची. तिनं डाव्या पायापासून काठी लावायला सुरुवात केली. हाताला येतील तेवढे दगड काठीनं, वरचे बोट दाखवून, मोठ्यानं. लोक तिच्यामागं मोजायला लागले. वीस. एकवीस. बावीस. तेवीस.

"जय आसवाई!" महाराजांनी हात वर केले.

"थांब की बाबा," गंगम्मा म्हणाली. "अजून हायेत." तिनं काठी आणखी दोनदा आपटली. "चोवीस. पंचवीस."

खिंडीत कुजबुज पसरली. "परत मोज," कुणी म्हणालं. तिनं उजवीकडून डावीकडं परत मोजलं. पंचवीस.

"तेवीस हा आकडा माझ्या वहीतला आहे," मी म्हणालो. "मी चुकलो होतो. दोन दगड गाळात होते, मला दिसले नाहीत. मासोळीसुद्धा मीच वहीत काढली. माणूस चुकू शकतो. पण हिमालयात आलेली आई माझी चूक कशी करेल? पायाचे दगड जिचे, तिला ते मोजता येत नाहीत?"

"ती पाण्याची भोकं हायेत," गंगम्मा काठीनं वर दाखवत म्हणाली. "माझा आजा सांगायचा. भितीला रेटा बसू नये म्हून ठिवल्यात. तवा म्या बोलले, कुणी ऐकलं?"

महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनी शिष्याला खूण केली. शिष्यानं घाईघाईनं फटाक्याची वात पेटवली. तो फुसका निघाला. फुस्स झाला आणि विझला. सगळे भिंतीकडं बघत राहिले. भोकं कोरडी. शिष्यानं दुसरा लावला. तो धडाडला, आणि दोन्ही भोकांतून पाणी आलं.

त्या क्षणी मला ते कळलं, आणि माझ्याबरोबर अर्ध्या खिंडीला. आई आरतीवर रडत नव्हती. ती फटाक्यावर रडत होती. आरती नेमकी कुठं संपते ते वर कळत नव्हतं. फटाका कळत होता.

"वर चला," मी म्हणालो.

तिरक्या भिंतीच्या कडेनं पायवाट आहे. मी पुढं, मागं बलभीम, त्याच्या मागं पन्नास-साठ माणसं. गंगम्मासुद्धा काठी टेकत चढली. हिंमतरावाच्या शेडाला त्या दिवशी बाहेरून कुलूप नव्हतं. आतून कडी होती. कुत्रं मला बघून शेपूट हलवायला लागलं. ते मला ओळखायचं.

मी दारावर थाप मारली. आत नळ बंद केल्याचा आवाज आला.

"हिंमता," मी म्हणालो. "दार उघड."

कडी निघाली. तो दारात उभा होता. बाह्या वर केलेल्या, हात ओले. त्याच्या मागं कडबा नव्हता. काळी प्लास्टिकची टाकी होती, बोअरच्या पाइपाला जोडलेली. टाकीपासून दोन नळ्या चरीच्या तळाशी सोडलेल्या आणि मध्ये नळाची एक पितळी चावी. चावीशेजारी खाटेवर माझी वही उघडी पडलेली होती. भिंतीचा उभा छेद मी जिथं काढला होता, तेच पान. नाळांची जागा मी लाल शाईनं दाखवली होती.

आरतीला तो का दिसायचा नाही, ते मला तेव्हा कळलं. रोज मी खाली उभा राहून त्याचा आधार मानायचो, तेव्हा तो माझ्या डोक्यावर बसून चावी फिरवायचा.

तोच आधी बोलला, आणि माझ्याकडं बघून नाही.

"बारा वरसं तू चित्रं काढलीस. कुणी आलं का बघायला? तीन अर्ज केलेस, एक तरी कागद आला का? आज एसटी येती. पोरं नारळं इकून पोट भरत्यात. तुझी कमान सारा जिल्हा बघाय लागलाय. म्या गावाचं वाईट केलं का?"

"हरणीचा डोळा गेला," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. "काय?"

"उजवा. काल डॉक्टरनं सांगितलं. तू तिला बाटलीत पाणी भरायला सांगितलंस. मला सांगू नका म्हणालास. माझ्या हातानं घालायला लावलंस."

"मला वाटलं, साधं बोअरचं पाणी हाय, त्यानं काय हुतंय..."

"साधं पाणी आहे हे तुला माहीत होतं, हिंमता. तिला माहीत नव्हतं."

तो खाटेवर बसला. पुढं तो रडला की काय, हे बघायला मी थांबलो नाही. मी वही उचलली नाही. बलभीमनं उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "गुरुजी, माझ्या आईच्या बीपीच्या गोळ्याबी बंद हायेत." आणि तो पळत उतारानं खाली गेला.

आम्ही खाली पोचलो तोवर महाराजांची जीप निघून गेली होती. ध्वनिवर्धक तसाच चालू होता. वाशीच्या पोलीस ठाण्यात मी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. महाराज पंधरा दिवसांनी सापडले. फिर्यादीत दुसरं नाव हिंमतरावाचं आहे. ते लिहिताना माझा हात अडला, पण लिहिलं. गावातल्या जुन्या माणसांनी मला बोलावून समजावलं, दोस्ताला माफ कर, वय झालंय दोघांचं. मी केलं नाही. तो रस्त्यात दिसला तर मी दुसऱ्या गल्लीनं जातो. एकदा मागून त्यानं "सोम्या" म्हणून हाक मारली. पहिलीपासून मला त्या नावानं हाक मारणारा तो एकटाच होता. मी थांबलो नाही. घरी येऊन बराच वेळ पाणी प्यालो नाही.

पण सगळ्यांत अवघड काम हरणाबाईनं केलं. आषाढात आरोग्य केंद्रात डोळे तपासणीचं शिबिर झालं. तिनं मला न विचारता तिथं जाऊन बायांना गोळा केलं. मी दारात उभा राहून ऐकलं.

"म्या देवाला मानती," ती सांगत होती. "उद्याबी मानीन. पर मला एकानं सांगितलं, औषध वतून दे आन् नवऱ्याला सांगू नगंस. तवाच मला इचारायला पायजे हुतं, का सांगू नगंस? चांगली गोष्ट असंल तर चोरून कशाला? म्या इचारलं न्हाय. माझा ह्यो डोळा बघा. म्या इचारलं असतं, तर आज तुमचं तोंड मला दोन्ही डोळ्यांनी दिसलं असतं."

मी मास्तर माणूस. आयुष्यभर फळ्यावर शिकवलं, पण एवढं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. वाचकहो, बोगद्यातून गार वारा येतो कारण डोंगराच्या पोटातली हवा थंड आणि जड असते, ती खालच्या तोंडानं बाहेर पडते. भिंतीतून पाणी येतं कारण ते यावं म्हणून कुणा शहाण्या कारागिरानं वाट ठेवलेली असते. ज्याला कारण असतं, त्याचं कारण विचारता येतं. विचारा. महाराजाला विचारा, मास्तराला विचारा, जिवलग दोस्त असेल तर त्यालाही विचारा. खरा माणूस विचारल्यानं रागवत नाही. आणि कुणी काहीही सांगितलं तरी डॉक्टरनं दिलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.

हरणाबाईचा डावा डोळा अजून शाबूत आहे. थेंब आता ती स्वतः घालते.